विलायती कुस्तीचा बुडालेला गल्ला

ते मैदान आणि त्याचे पश्चिमेचे दार अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. थोरल्या महाराजांच्या कारकिर्दीत मी कोल्हापुरात फौजदार होतो. माझ्या हातून खुनाचे तपास झाले, दरोड्यांचे झाले. त्यांतले बरेचसे विसरलो. ही साधी अफरातफरीची तक्रार मात्र विसरता आली नाही. आज ती लिहायला बसलो आहे तो मोकळ्या मनाने बसलो आहे. का, ते ओघाने येईल.

त्या काळी कोल्हापुरात कुस्ती पाहायला पैसे पडत नसत. दरबार मैदान भरवी, दरबारच मल्लांना खुराक देई, आणि लोक माळावर उकिडवे बसून कुस्ती पाहत. अशात मुंबईचा एक कंत्राटदार आला. नाटकाचे तंबू भाड्याने देणारा माणूस, बोलण्यात तरबेज. त्याने युरोपातला एक गोरा मल्ल बोटीने आणला होता आणि आपल्या इथल्या मल्लाशी त्याची तिकिटावर कुस्ती लावायची होती. "साहेब, एकदा ही जमली की दरवर्षी एक देश आणतो," तो म्हणाला. दरबारातल्या एका वरिष्ठ कारभाऱ्यांनी परवानगी दिली, पण मला बोलावून सांगितले, "बंदोबस्त तुमचा. आणि डोळे उघडे ठेवा. परदेशी कुस्त्या आपल्या गावात परवडतात की नाही, ते मला नंतर तुमच्याकडून लेखी हवं."

कंत्राटदाराचा खर्च पहिल्या दिवसापासून वाढत गेला. गोऱ्याचे बोटीचे भाडे, त्याच्या व्यवस्थापकाचे भाडे, दोघांची धर्मशाळेत उतरायची सोय, रोजची अंडी आणि मटण. गोरा जेवायला बसला की धर्मशाळेच्या खिडक्यांना माणसे लटकत. एक म्हातारा मला म्हणाला, "फौजदारसाहेब, ह्याचं जेवण बघायलाच तिकीट लावा की! कुस्ती कशाला?"

शेवटी अडले ते मातीवर. शहराबाहेरच्या माळावर कनाती ठोकून मैदान तयार केले, मधोमध कुस्तीचा हौद खणला. हौदाला चांगली चाळलेली तांबडी माती लागते, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरावे लागते. गाड्या लावून माती आणायचा खर्च ऐकून कंत्राटदाराने कपाळाला हात लावला. तेव्हा मी त्याला सल्ला दिला. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितो आहे: सल्ला माझा होता. मी म्हणालो, "दवंडी पिटवा. कुस्तीवेडा मुलूख आहे, गावे आपण होऊन माती आणून टाकतील." दवंडीसाठी शिपाईही मीच दिले.

माती आली. जोतिबाच्या डोंगराकडून आली, आजऱ्याकडून आली, गारगोटीकडून तर गाड्यांची रांगच लागली. बैलांच्या शिंगांना गोंडे, पुढे हलगी. एकेका गावाचा म्हातारा हौदाच्या काठावर उभा राहून गावाचे नाव घेई आणि पहिली पाटी आपल्या हाताने ओती. कंत्राटदार खूश. मीही खूश. त्या वाजतगाजत आलेल्या गाड्यांचा अर्थ काय, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नाही. तो मुंबईचा, आणि मी कारकुनाचा मुलगा. तालमीची पायरी कधी चढलो नव्हतो.

कुस्तीच्या दिवशी मैदान फुलून गेले. पूर्वेच्या दाराने खुर्चीवाले आणि गाडीघोडेवाले, पश्चिमेच्या दाराने बाकीचे. मी पूर्वेला पाहुण्यांच्या सरबराईत. पश्चिमेच्या दारावर कंत्राटदाराने शहरातल्या एका तालमीचे वस्ताद नेमले होते; हौदावर माती उतरवून घ्यायलाही तेच होते. पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरात राहिलेल्या मुसलमान घरातला माणूस, धंदा घोड्यांच्या खोगिरांचा. कान फुटून गड्डा झालेले, आवाज नगाऱ्यासारखा. मोठमोठ्या कुस्त्यांना पंच म्हणून त्यांनाच बोलवत. दोन तालमींचे भांडण त्यांच्या शब्दावर मिटत असे.

गोरा अंगाने भारी होता, पण मातीत त्याचे पाय फसले. आपल्या मल्लाने त्याला बघता बघता चीत केले. टाळ्या, फेटे, आरोळ्या. माझ्या शेजारी बसलेले एक वकील मात्र पुटपुटले, "खुर्ची गरम व्हायच्या आत संपली हो!"

संध्याकाळी गल्ला मोजला. पूर्वेचा बरोबर होता. पश्चिमेच्या दाराची पेटी जवळजवळ रिकामी.

कंत्राटदार रडकुंडीला येऊन ठाण्यावर आला. पाठोपाठ खबर आली. पश्चिमेच्या दारासमोर सोडावॉटरची गाडी लावणारा एकजण जमादाराला सांगून गेला, "वस्तादांनी माणसं नुसती हात जोडून आत घेतली. झुंडीच्या झुंडी. तिकीट कुणाच्या हातात दिसलं न्हाय. आता त्यांनी आत घेताना काय घेतलं, ते त्यांनाच ठावं." शेवटचे वाक्य त्याच्या पदरचे होते, पण पोलिसाच्या कानाला नेमके तेच गोड लागते. मी वस्तादांना आणवले. आणवले म्हणजे हाताला दोरी बांधून, भर बाजारातून. त्याची काही गरज नव्हती. निरोप धाडला असता तरी ते आले असते.

जबानी मी स्वतः घेतली.

"दारावर कोण होते?"

"मीच हुतो की. दुसरं कोण?"

"किती लोक फुकट सोडलेत?"

"एक बी फुकट्या आत सोडला न्हाय."

"वस्ताद, पेटी रिकामी आहे."

"आसंल."

"मग माणसं आत आली कशी?"

ते म्हणाले, "तिकीट कुणाला मागायचं आन् कुणाला न्हाय, ते मला कळतं, फौजदारसाहेब. आन् तुमाला बी कळतं."

मला तो उद्धटपणा वाटला. मी आवाज चढवला, जमादाराने टेबलावर काठी आपटली. वस्तादांनी पुढे तोंड उघडले नाही. त्यांच्या घराची आणि दुकानाची झडती झाली. पंचनाम्यात खोगिरे, चामडे आणि लाकडी मुद्गलांची एक जोडी यांपलीकडे काही सापडले नाही. तरी त्यांना मी कोठडीत ठेवले. माणूस गप्प बसला की तो लपवतो आहे, असे पोलिसाला वाटते. तो दुखावला असेल, हे फार उशिरा ध्यानात येते.

आत आलेली माणसे कुठली होती, ते शोधायचे म्हणून मी गारगोटीकडे निघालो. तिकडे माझी सासुरवाडी, लोक खरे बोलतील अशी आशा. गावात शिरताच मेहुणा धावत आला. "दाजी, काय कुस्ती झाली वो! गोरा आसा पडला, आसा पडला, की धुरळा हितपतूर आला!"

"तू गेला होतास?"

"मी? आवो, अख्खा गाव गेलता!"

"तिकीट काढलंत?"

मेहुणा हसायचा थांबला. पारावर पाटील बसले होते. त्यांनी चिलीम बाजूला ठेवली. "जावईबापू, काय म्हणालासा? तिकीट? आमी?"

"मैदान तिकिटाचं होतं, पाटील."

"मैदान कुणाचं? माती आमची. गावाच्या नावानं पहिली पाटी ह्या हातानं वतली. ज्येची माती, त्येचं मैदान. घरच्या लग्नात कोण पैशे देऊन जेवतं व्हय? तुमच्या त्या ममईवाल्याला आमी पावणा समजून गेलतो, आन् त्यो आमालाच पावणं समजला?"

पाराभोवतीची माणसे खदाखदा हसली. मला हसू आले नाही.

सगळे एका क्षणात उलगडले. तालमीचा जुना रिवाज होता. ज्या गावाने हौदाला माती घातली, ते गाव त्या मैदानाचे यजमान. यजमानाला दारावर कोणी अडवत नाही. वस्तादांनी हौदापाशी उभे राहून प्रत्येक गावाची माती उतरवून घेतली होती. दारावर त्याच म्हाताऱ्यांना ओळखून त्यांनी हात जोडले, गावे आत घेतली. माती न घातलेल्या गावांकडून त्यांनी तिकीट वसूल केले होते. पेटीत जे काही थोडे होते, ते त्या लोकांचे.

ठाण्यावर परतलो. कोठडी उघडून विचारले, "वस्ताद, हे आधी का नाही सांगितलंत?"

"आता काय सांगायचं? दवंडी तुमीच पिटवलीसा. शिपाई तुमचंच. मला वाटलं, तुमाला समदं ठावं हाय, आन् त्या ममईवाल्याचं तोंड राखाय मला धरलंय. मग बोलून काय उपेग?"

कंत्राटदाराला मी तोंडी सांगितले. तो आधी थक्क झाला, मग खुर्चीत मागे रेलून हसू लागला. "साहेब, माती फुकट घेतली, तीच सगळ्यांत महाग पडली!" माणूस दिलदार होता. तक्रार त्याने मागे घेतली.

आता राहिला कागद. खरे लिहायचे तर लिहावे लागत होते की गल्ला चोरीने बुडाला नाही, फौजदाराच्या सल्ल्याने बुडाला. माझ्या बढतीचे तेव्हा बोलणे चालले होते. मी लिहिले, "आरोपीस पुराव्याअभावी सोडण्यात येत आहे." कायद्याच्या दृष्टीने वाक्य बिनचूक होते. पण पुराव्याअभावी सुटला म्हणजे पचवून सुटला, असा त्याचा अर्थ गावात होतो, हे मला पक्के माहीत होते.

कारभाऱ्यांना अहवालही गुळमुळीत दिला. आज त्याचे खरे उत्तर देतो. परदेशी कुस्ती कोल्हापुरात परवडते. पण गोऱ्याच्या नावावर परवडत नाही. त्याला इथे कोण ओळखतो? लोक आपला मल्ल पाहायला येतात. एकच कुस्ती असून भागत नाही, कारण ती पापणी लवायच्या आत संपली की खुर्चीवाला फसल्यासारखा उठतो. तिच्याआधी चार चुरशीच्या जोड्या लागतात. आणि ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे त्यांच्याकडून माती घेऊ नये. पुढच्या वर्षी कंत्राटदाराने नेमके हेच केले. माती विकत घेतली, गाड्यांचे भाडे चुकते केले, आधी चार चुरशीच्या कुस्त्या लावल्या. लोक कुरकुरले, पण तिकीट काढून आले. बेताचा का होईना, नफा झाला.

त्या नफ्याने वस्तादांचा उरलासुरला आधार काढून घेतला. गाव म्हणू लागले, "बघा, म्हातारा दारावर नव्हता, तर पेटी भरली." पंच म्हणून त्यांना बोलावणे बंद झाले. मग त्यांनी स्वतःच हौदात उतरणे सोडले. आपल्या तालमीत ते काठावर बसून पोरांना डाव सांगत, मातीला पाय लावत नसत. "डाग घेऊन मातीत जाऊ ने," असे म्हणत, इतकेच मी ऐकले. माझी बढती झाली, बदल्या झाल्या, थोरले महाराज गेले, मी निवृत्त झालो. कोल्हापुरात असलो की त्या तालमीचा रस्ता टाळून मी लांबून जात असे.

यंदा त्या तालमीने छोटे मैदान भरवल्याचे समजले. वस्ताद हयात होते. मी सासुरवाडीला गेलो, तिथल्या शेतातली माती उपरण्यात बांधून घेतली आणि मैदानाच्या दिवशी तालमीच्या दारात उभा राहिलो. वस्ताद दारावरच खुर्ची टाकून बसले होते. नजर अधू झाली होती, आवाज नाही.

"कोण हाय?"

मी नाव सांगितले. ते ओरडले, "तिकीट काढलंय का, फौजदारसाहेब?"

बाजूची पोरे हसली. मी हात जोडले आणि तिथेच उभ्याने, हलगी थांबवायला लावून, सगळे सांगितले. दवंडी माझी, दोरी माझी, कागदावरचे वाक्य माझे. जमलेल्यांत गावोगावचे वस्ताद होते, वयस्कर मल्ल होते. एकजण मागून म्हणाला, "आरं तिच्यायला! आन् आमी इतकी वर्सं..."

वस्ताद म्हणाले, "उपरण्यात काय हाय?"

"माती. गारगोटीकडची."

त्यांनी हात पुढे केला, माती चिमटीत घेऊन वास घेतला. मग खुर्चीचा हात धरून उठले, जोडे काढले. दोन पोरे धरायला धावली, त्यांना त्यांनी हाताने दूर सारले. चाचपडत काठापर्यंत गेले आणि हौदात उतरले. उपरणे मोकळे करून त्यांनी माझ्या सासुरवाडीच्या गावाचे नाव घेतले आणि माती ओतली.

पोलिसाच्या नोकरीत मी प्रश्न विचारायला शिकलो. आपण काय ठाऊक नसताना विचारतो आहोत, हे आधी स्वतःला विचारायला मात्र या एका तपासाने शिकवले, आणि तेही नोकरी संपल्यावर. उशीर झाला, हे खरेच. पण हे आता मोकळ्या मनाने लिहिता येते, एवढे समाधान मला मिळाले.

हौदातून वस्तादांनी दाराकडे तोंड वळवले. मी अजून उंबऱ्याबाहेरच उभा होतो.

"आता आत या की," ते म्हणाले. "फुकट्या न्हाय तुमी."