अक्काचा घासलेला डबा

माझी थोरली बहीण अक्काबाई राजगडाच्या पायथ्याला, पालीत, ट्रेकर लोकांना पिठलं-भाकरी करून घालते. तिचा एकच कायदा: दुसऱ्याचं भांडं घासूनपुसून द्यायचं आणि कधी रिकामं द्यायचं नाही. वाटीभर साखर आणली तरी वाटी परत जाताना तिच्यात मूठभर शेंगा असणारच. निम्मं गाव त्या आशेनंच तिला भांडी देतं, असं माझं मत आहे.

गेल्या वर्षी तिनं माझ्याकडून लिव्हर घेतलं. अर्ध्याहून जरा जास्तच. तिची लेक माया जन्मली, तेव्हा चढवलेल्या रक्तातून हेपेटायटिस सी शिरला असावा, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं त्यानं गुपचूप तिचं लिव्हर पोखरलं. ऑपरेशनआधीच डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, "विषाणू रक्तात आहे, तो नव्या लिव्हरातही जाणार. मग औषध देऊ." तसंच झालं. अक्का खणखणीत, पण रक्ताच्या तपासणीत विषाणू सापडला. तीन महिने गोळ्या झाल्या. त्या संपल्यावर आणखी तीन महिन्यांनी पुन्हा विषाणू मोजायचा, तेव्हा खरा निकाल.

त्या तारखेच्या आदल्या दिवशीच गावात आरोग्य शिबिर आलं. फुकट म्हटल्यावर अक्का रांगेत पहिली. बोटातून थेंब घेतला, पट्टीवर दोन रेघा उमटल्या. हेपेटायटिस सी पॉझिटिव्ह.

त्या दिवशी म्हणे पिठल्यात मीठ दोनदा पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायला अक्का माझ्या टेम्पोत येऊन बसली, मांडीवर स्टीलचा डबा. मला वाटलं, थालीपीठ. वाटेतलं नसरापूर गेलं तरी ती ना बोलली, ना डबा उघडला. मी भुकेनं आणि काळजीनं अर्धा झालो.

मॅडमच्या टेबलावर तिनं डबा ठेवून झाकण काढलं. राखेनं घासून लख्ख केलेला, रिकामा.

"ह्यात काढा."

"काय काढू?"

"ह्या संघपालचं लिव्हर. रोग परत आला. म्या वापरलं, लई झालं. पुरतं नासायच्या आत त्याचं त्याला लावा."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला हसूही येत होतं आणि रडूही.

"अक्काबाई, चोर पळाला तरी पंचनामा राहतो की नाही? ती पट्टी पंचनामा बघते. तुमचं शरीर एकदा विषाणूशी लढलं, त्याची खूण. बरं झालात तरी ती राहतेच. चोर घरात आहे का, ते विषाणू मोजल्यावरच कळेल. ते रक्त आज घेऊ. आणि संघपालचं लिव्हर कधीच वाढून भरून आलंय."

अक्का गर्रकन माझ्याकडे वळली. "भरून आलं? आन म्या तुला रोज दोन अंडी चारतीया, अर्ध्यावर हायस म्हणून!"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. अंडी चांगली होती.

रक्त दिलं. पण चोर गेला असं मॅडम काही म्हणाल्या नव्हत्या. पाच दिवस मला घास गोड लागला नाही. आपलं म्हणून दिलेलं, ते तिच्या पोटात टिकावं, एवढंच वाटत होतं.

सहाव्या दिवशी, भर पंगतीत, मायानं मोबाईलवर रिपोर्ट वाचला. "मामा! विषाणू आढळला नाही!"

अक्कानं उलथनं परातीवर असं बडवलं की कोंबड्या छपरावर चढल्या. मायाला धरून फुगडी घातली, मग मला ओढलं. ट्रेकर पोरांना काही कळेना, तरी तीही टाळ्या वाजवत उठली. प्रत्येकाच्या ताटात तिसरी भाकरी सक्तीनं पडली.

निघताना तिनं तोच डबा माझ्या हातात दिला. जड लागला. झाकण उघडलं तर शेंगदाण्याचे लाडू गच्च.

"लिव्हर काय आता परत द्येत न्हाई म्या," ती म्हणाली. "पर तुला रिकामं कसं धाडू?"

टेम्पो सुरू करायला मला बराच वेळ लागला.