उसन्या खुर्च्यांची बालवाडी

माझ्या भावजयीला अख्खी गल्ली करवत म्हणते. तोंडावर म्हणते, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. तिची गोड शब्दांत ओळख करून द्यावी असा माझाही आग्रह नाही. आमचं कधी पटलं नाही. पण बालवाडी तिने चालवली, आणि ती कशी चालवली हे सांगायला दुसरं कोणी शहाणं इथे उरलेलं नाही.

नदीवर पूल आहे. अलीकडे आमचा देश, पलीकडे शेजारचा. आफ्रिकेच्या नकाशात दोन रंग दिलेत म्हणून दोन म्हणायचे. बाकी तीच माती, तीच बोली, तेच डास. फरक तीन-चार वर्षांच्या पोरांपुरता. पलीकडचं सरकार शिक्षणाच्या पैशातून बालवाडीला खरा वाटा देतं. बाईंना पगार, हाताखाली मदतनीस, बुटक्या खुर्च्या, बुटके संडास. आमचं सरकार भाषण देतं. बालक हे देशाचं भविष्य म्हणतं, आणि भविष्याला शू लागली की आईबापांकडे बोट दाखवतं.

करवतीचा वर्ग मोठ्या शाळेच्या मागच्या खोलीत भरायचा. पूर्वी तिथे मोडकी बाकं टाकत. जमिनीवर चटया, खेळायला डब्यांची झाकणं आणि सुताराकडचे लाकडाचे तुकडे. कुसळ लागू नये म्हणून ते ती स्वतः घासायची. हेडमास्तर त्याला ‘शी-शूचा वर्ग’ म्हणत. त्यांना ती खोली मास्तरांच्या सायकली ठेवायला हवी होती.

मग खबर आली, दोन्ही देश लहान मुलांच्या शिक्षणावर किती खर्च करतात याची तुलना करायला कोणी पाहुणीबाई येतेय. पलीकडचं बघून झालं की आमच्याकडे. तफावत डोळ्यांत भरली तर आमच्या सरकारला लाज वाटेल, मदतनीस मिळेल, नळ मिळेल. हे ऐकून करवत दिवसभर कुणावर ओरडली नाही. मला तेव्हाच लक्षण बरं दिसलं नव्हतं.

आमच्या लोकांना एक खोड आहे. पाहुणा येणार म्हटलं की शेजारचे कप मागून आणायचे आणि आपली फाटकी चादर कपाटात कोंबायची. हेडमास्तरांनी तेच केलं. पुलापलीकडच्या एका बालवाडीत त्यांची मेहुणी शिकवते. तिच्याकडून टेम्पो भरून बुटक्या खुर्च्या, ठोकळे आणि रंगीत गालिचा आणला.

“अहो, ती तफावत बघायला येतेय,” करवत कडाडली, “आणि तुम्ही तीच झाकताय?”

“देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे, बाई.”

“अब्रू धुवायला नळ आहे का? नाही ना? मग राहू दे मळकी.”

“जास्त बोललात तर खोलीला कुलूप लागेल.”

टेम्पो आला म्हणून मीही बघायला गेले होते. तिला बाजूला ओढलं. “तोंड आवर. खोली गेली तर पोरं कुठे नेशील?”

“तुमच्या दिवाणखान्यात, वन्सं.”

“पाऊल तर टाकून बघ!”

पाहुणीबाई आली त्या दिवशी करवतीचं तोंड आवरायला मीही दारात उभी होते. बाई खुर्च्या बघून खूश झाली. “हे तर पलीकडच्यासारखंच आहे की! म्हणजे खर्च कमी असला तरी भागतंय तुमचं.”

हेडमास्तर पुरीसारखे फुगले. करवतीची मात्र एका वाक्यात मदतनीसही गेली आणि नळही.

पण पोरांना खुर्ची ठाऊक कुठे? एकही वर बसेना. त्यांनी खुर्च्या आडव्या पाडून रांग लावली, बस केली, आणि प्रवासी जमिनीवर. एक चिमुरडी खुर्चीखाली शिरून ऐटीत बसली.

“मुलं खुर्चीवर का बसत नाहीत?” पाहुणीबाईने विचारलं.

“खेळकर आहेत,” हेडमास्तर म्हणाले.

करवतीने माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वटारले. माझं तिने कधी ऐकलंय?

“कारण खुर्च्या काल आल्यात आणि आज परत जायच्यात,” ती म्हणाली. “पलीकडच्या सरकारच्या आहेत. आमच्या सरकारचं इथे काय आहे विचारा ना. भिंती! त्याही मोठ्या मुलांसाठी बांधलेल्या.”

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. करवत पोरांची रांग घेऊन माझ्या दारात.

“सरका, वन्सं.”

मी सरकले. रडकी पोरं उन्हात किती वेळ उभी ठेवणार? सोफा मागच्या पडवीत गेला, तो अजून तिथेच आहे.

पाहुणीबाईची तुलना छापून आली. आम्ही पार खाली, जिथे असायला हवं तिथे. सरकार म्हणालं, अभ्यास करू. करा. तोवर माझ्या दिवाणखान्याला कसला वास येतो ते कुणी विचारू नये.

परवा हेडमास्तर रस्त्यात भेटले. “काय, शी-शूचा वर्ग तुमच्याकडे भरतो म्हणे?”

“भरतो. आणि आमच्याकडे पोरांसाठी संडास आहे. तुमच्याकडे सायकली आहेत.”

करवतीला हे सांगितलेलं नाही. डोक्यावर चढून बसेल.