तळघरातले रविवार

चाळिशीला टेकलेली तीन माणसं दर रविवारी दुपारी एका सोफ्यावर बसून व्हिडिओ गेम खेळायला लागली, की किस्से शोधावे लागत नाहीत. घरी परतताना रिक्षात मला एकटीलाच हसू फुटायचं आणि रिक्षावाला आरशातून बघायचा!

निमित्त शिल्पाचं. ती कामोठ्यात ट्यूशन क्लास चालवते. मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी दोन महिने क्लास बंद ठेवायला सांगितलं. दिवसभर फळ्यासमोर बोलणारी बाई घरात गप्प बसून राहायला लागली. फोनवरही हूं-हूं करायची.

मग हेमंतने माळ्यावरून जुना गेम काढला. हेमंत उरणचा कोळी, बंदरात क्रेन चालवतो. पनवेलला कॉलेजात असताना आम्ही तिघांनी या मालिकेचे सगळे भाग संपवले होते. हिरवी कुरणं, घोडे, जादूगार. हा एकच भाग अर्धवट राहिला. यात ना कुरण, ना घोडा. नुसती तळघरं, एक मिणमिणता कंदील आणि भुतं. तेव्हा घाबरून सोडला होता.

"आता कशाला घाबरायचं?" हेमंत म्हणाला. "आता बीपीची गोळी चालू हाय!"

*

जुनं मशीन नव्या टीव्हीला जोडायला वेगळी वायर लागते. पनवेलच्या मार्केटमध्ये तीन दुकानांत मला लोक हसले. चौथा दुकानदार टक्कल पडलेला, गंभीर माणूस. त्याने विचारलं, "कुठला गेम?"

मी चाचरत सांगितलं. तो आत गेला, धूळ झटकून वायर घेऊन आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, आरशांच्या तळघरातून बाहेर पडलात तर मला फोन करा. मी कॉलेजपासून तिथंच आहे!"

*

पहिल्या रविवारी आम्ही भारावलो होतो. "काय अंधार दाखवलाय! आजकाल असं कुणी करत नाही," वगैरे. अंधारात एक उंच राक्षस उभा होता आणि हेमंत घामाघूम होऊन त्याच्यावर तलवार चालवत होता.

शिल्पाचा नवरा प्रशांत चहा घेऊन आला. त्याने क्षणभर बघितलं आणि रिमोट उचलून टीव्हीचा ब्राइटनेस वाढवला.

तो खांब होता.

"इतका वेळ मी खांबाला मारत होतो?"

"हो," शिल्पा म्हणाली, "आणि तरी अर्धा तूच मेलास!"

ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली. मग पाठ धरून ओरडली, "हसवू नका रे, टाके दुखतात!"

*

एक म्हातारं भूत आहे. कंदील विझला की मागून खोकत येतं. कॉलेजात मी त्याला इतकी घाबरायचे की उशी तोंडावर घ्यायचे. आता ते आलं, तर माझ्या तोंडून निघालं, "अगं, याची पाठ किती वाकलीये!"

शिल्पा म्हणाली, "त्याला माझ्या फिजिओचा नंबर दे."

*

आता हेमंतच्या आईचं.

शिल्पा घरातल्या घरात चालायची, पण जिना उतरायला तयार नव्हती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन पायऱ्या उतरली की कठडा धरून रडायची. प्रशांतने समजावलं, फिजिओ रागावली. उपयोग शून्य.

त्या रविवारी हेमंतची आई शिल्पासाठी निवट्यांचं, म्हणजे खाडीतल्या माशांचं, कालवण घेऊन आली. आम्ही पाण्याने भरलेल्या तळघरात अडकलो होतो. दार पाण्याखाली, कुठलाही खटका दाबा, पाणी तसंच. दोन रविवार फुकट गेलेले.

आईने पाच मिनिटं बघितलं. "सुकती लागू दे की! मंग दार दिसंल."

"आई, गेममध्ये ओहोटी नसते."

"पानी हाय ना? मंग सुकती पन हाय. ठेव ते हातातलं खाली." मग शिल्पाकडे वळली. "चल पोरी, तवर आपन खाली जाऊन येऊ."

"मावशी, मला नाही जमत. पडेन मी."

"मी फुडं हाय ना. पडलीस तं माज्यावर पडशील. मी मऊ हाय!"

शिल्पा उठली. दोघी दाराबाहेर पडल्या. जिन्यातून आवाज येत राहिला, "हां... आता दुसरा पाय... घाई नाय." मध्ये एकदा बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. प्रशांत दाराशी गेला, हेमंतने त्याला धरून ठेवलं.

मग खालून शिल्पाची हाक आली. आम्ही गॅलरीत धावलो. ती गेटपाशी उभी होती, एक हात आईच्या खांद्यावर, दुसरा आम्हाला हलवत. डोळे भरलेले.

प्रशांत डोळे पुसत आत वळला आणि तिथूनच किंचाळला, "अरे, पाणी उतरलं! दार उघडं आहे!"

हेमंत गॅलरीतून ओरडला, "आई! पानी उतरलं!"

आईने वर बघितलंसुद्धा नाही.

"मंग उभा काय रायलास? भरती यायच्या आत जा!"