न तपासलेला हात

मोटार अपघाताच्या एका दाव्यात मी शपथेवर सांगितलं, की जखमी माणसाला मी स्वतः तपासलं आहे. तपासलं नव्हतं. हे आजवर मी कुणापाशी बोललेलो नाही — बायकोपाशीही नाही.

मी हाडांचा डॉक्टर, दवाखाना दादरला. विमा कंपनीने मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. दावा परबांचा — चिंचपोकळीच्या एका वर्कशॉपमध्ये ते लेथ चालवायचे. टेम्पोने उडवलं, उजवं मनगट मोडलं. त्या हाताने पुन्हा लेथ चालेल की नाही, एवढाच प्रश्न होता. भरपाई त्यावरच ठरणार होती.

माझ्याकडे एक्स-रे होते. हाड छान जुळलेलं. पण एक्स-रेत नस दिसते का? बोटांतला जोर दिसतो? त्यासाठी माणसाच्या चिमटीत कागद द्यायचा आणि ओढून बघायचा — मिनिटभराचं काम. तेवढंही मी केलं नाही. आमच्यातले बरेच जण करत नाहीत, आणि तज्ज्ञ म्हणून मिरवतात. कंपनीला हवं ते मत मिळतं, आम्हाला पुढच्या दाव्याचं बोलावणं. याला आम्ही अनुभव म्हणतो.

परबांच्या वकिलाने विचारलं, तपासलंत का? सवयीने विचारलं. मी सवयीने हो म्हटलं. निदान तिथे तरी थांबायचं ना? मी पुढे म्हणालो — मूठ वळायला सांगितली, पूर्ण वळली.

कोर्टाबाहेर व्हरांड्यात परब बायकोसोबत माझ्याजवळ आले. रागाने नाही.

"डॉक्टर, तुम्ही मला कधी बघितलंत? माझ्या ध्यानात नाय."

"वॉर्डात. तुम्ही गुंगीत होता."

"असेल," ते बायकोला म्हणाले. "मला तेव्हा कुठे शुद्ध होती."

ती माझ्याकडेच बघत होती. "गुंगीत होते ना? मग मूठ वळा म्हणून सांगितलंत कोणाला?"

न्यायाधीश अजून आत बसलेले होते. परत जाऊन दोन वाक्यं बोलायची होती — दोनच. मी लिफ्टमध्ये शिरलो.

परळला तरुण डॉक्टरांना साक्ष कशी द्यावी, हे मी शिकवतो. तपासल्याशिवाय मत देऊ नका, असं बजावतो. ते माना डोलावतात. माझा आवाज जराही अडखळत नाही.

निकालपत्रात म्हटलं होतं, की डॉक्टरांनी स्वतः तपासणी केली असल्याने त्यांचं मत ग्राह्य धरण्यात येत आहे. कायमच्या अपंगत्वाची भरपाई नामंजूर झाली. परबांनी अपील केलं नाही.