देवाला न चालणारी फुलं

चारुलता गावकर बाई आमच्या सोसायटीच्या कमिटीच्या डोळ्यांत खुपायला लागल्या त्या एका मातीच्या पट्ट्यापायी. खांदेश्वरच्या आमच्या इमारतीत गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत, कंपाउंडच्या भिंतीला लागून तेवढीच काय ती उघडी जमीन. कमिटीला तिथे पेव्हर ब्लॉक बसवून पार्किंग हवं होतं, बाईंना बाग. शाळेतून रिटायर झालेली एकटी बाई, तिसऱ्या मजल्यावर राहणारी. पट्टा गेला असता तर त्यांना मातीत हात घालायला जागाच उरली नसती.

बागेत फूल दिसायचं नाही, हे मात्र खरं. बाईंनी जास्वंद लावली, तगर लावली, झेंडू लावला. सगळ्यांना कळ्या यायच्या आणि उमलायच्या आत गायब व्हायच्या. आपल्याकडे देवासाठी फूल चोरलं तर ती चोरी धरत नाहीत. सकाळी फिरायला निघणारे भाविक पिशवी घेऊनच निघतात, आणि या भाविकांचे मुकुटमणी म्हणजे आमचे चेअरमन दिनानाथराव. उंच फांदीसाठी त्यांच्याकडे खास आकडी होती. या माणसाने मीटिंगमध्ये उभं राहून काय म्हणावं?

"त्या पट्ट्यात कधी फूल बघितलंय कोणी? फुकटचं पाणी वाया!"

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र शांत होत्या. म्हणाल्या, "सव्वीस जानेवारीपर्यंत थांबा. रंग दिसला नाही तर खुशाल ब्लॉक टाका."

"दिवाळीनंतर बागेचा नळ बंद होणार. आधीच सांगतो."

"बंद तर बंद."

नुकतेच गणपती होऊन गेले होते. हायवेच्या कडेला माळ्यांनी छाटून टाकलेल्या घाणेरीच्या फांद्या बाई पिशव्या भरभरून घेऊन आल्या. रानात माजते ती उंच घाणेरी नव्हे, ही जमिनीवर पसरणारी, जांभळ्या फुलांची.

मी म्हटलं, "अहो, घाणेरी? पानांना केवढा उग्र वास! देवाला नाही चालत ही."

"म्हणूनच लावतेय," बाई म्हणाल्या.

पाऊस होता तोवर काड्यांनी मुळं धरली. दिवाळीनंतर नळ बंद झाला तेव्हा लोक हसले. पण ही जात एकदा रुजली की वर्षानुवर्षं हटत नाही, आणि बाकीची झाडं माना टाकतात तेव्हाच तिला ऊत येतो. जानेवारीत ब्लॉकचा ट्रक येऊन पट्ट्याशेजारी ढीग पडला. बाई रोज त्या ढिगावर बसून चहा प्यायच्या, चेअरमनच्या नाकावर टिच्चून.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला सगळे खाली उतरले. पट्टा भिंतीपर्यंत जांभळा झाला होता. पोरं त्याच्यासमोर उभी राहून फोटो काढत होती. संध्याकाळी सोसायटीचा सत्यनारायण, म्हणून दिनानाथराव सकाळीच पिशवी भरून आले होते. सवयीने वाकले, एक गुच्छ खुडला, नाकाशी नेला आणि फेकून दिला.

"शी! घाणेरी! हे काय देवाला चालतं?"

"देवाला नका वाहू. रंग दिसला का, तेवढं सगळ्यांसमोर सांगा."

दिनानाथराव घुटमळले. "रंग आहे. पण आपल्या इथल्या जास्वंदीची सर नाही."

"जास्वंद? इथे तर कधी फूलच आलं नव्हतं ना?"

वॉचमनसुद्धा तोंड फिरवून हसला. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी चेअरमनच्या हातातल्या पिशवीत डोकावून बघितलं. आत लालभडक जास्वंदी गच्च भरल्या होत्या.

"ही कुठली?"

"शेजारच्या सोसायटीतली," दिनानाथराव बोलून गेले.

"मग त्यांनाही कळवा, ब्लॉक मागवून ठेवा म्हणून. त्यांच्याही बागेत फूल दिसत नसेल."

पार्किंगचा विषय तिथेच संपला. ब्लॉकचा ढीग उचलायला मात्र अजून कोणी आलेलं नाही. शिमग्याच्या सुमारास घाणेरीच्या फांद्या त्याच्यावर चढायला लागल्या. वॉचमनने विचारलं, "बाई, बाजूला वळवू का?"

बाई म्हणाल्या, "कशाला? चढू दे."