उघड्या हातांचा काता

पुण्यात बारा वर्षं कराटे शिकलो. मूठ जरा सैल दिसली, की सर फटका मारायचे. आता नोकरीसाठी परदेशात आलोय. इथे बिशान भागातल्या पार्कात एक चिनी आजोबा सकाळी शिष्यांकडून आमचाच काता, म्हणजे कराटेतल्या हालचालींचा ठरलेला क्रम, करून घेताना दिसले, पण उघड्या हातांनी. मला राहवलं नाही. पुढे होऊन मी त्यांना मूठ वळून दाखवली. त्यांची एक शिष्या इंग्रजीत म्हणाली, "ही कला चीनमधल्या फुजियानची. तिथून ओकिनावाला गेली, मग जपानभर. मुळात हात उघडेच होते, मुठी तिकडे गेल्यावर वळल्या." एवढा आगाऊपणा मी ऑफिसातही कधी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी गुपचूप शेवटच्या रांगेत उभा राहिलो. आजोबा आले आणि माझी बोटं एकेक करून उघडू लागले. ती सहज उघडत नव्हती.