गेमची महिन्याची वर्गणी

सायबर कॅफेतला जुना कीबोर्ड उलटा करून झटकला की चिवड्याचे कण पडतात ना, तसे आमचे किस्से. कधीही झटका, पडतातच! मी आणि माझा मित्र मिलिंद, आम्ही नाशिक रोडला कॅफे चालवायचो. दोन हजार पाच-सहाच्या आसपास. हे सगळे किस्से एकाच ऑनलाइन गेमचे. किल्ले, तलवारी, राक्षस आणि गावोगावचे खेळाडू एकाच मैदानात. फक्त एक गोची होती. खेळायचं तर दर महिन्याला पैसे भरायचे!

*

गेमच्या कंपनीचा माणूस मुंबईहून आला, कडक टाय लावून. मिलिंदच्या हातात महिनाभर खेळायच्या कार्डांचा गठ्ठा ठेवत म्हणाला, "लोक सबस्क्रिप्शन घेतील सर, फक्त त्यांना त्यांच्या भाषेत सांगा."

मिलिंदने लगेच दारावर बोर्ड लावला, 'मासिक वर्गणी येथे स्वीकारली जाईल.'

दिवसभर जो तो आत डोकावून विचारत होता, "मंडळ कुठलं? मूर्ती केवढी आणताय यंदा?"

*

कार्डं आसपासच्या तालुक्यांतही खपवायची होती. मी सटाण्याला एका मोबाइल रिचार्जच्या दुकानात गेलो. दुकानदार आप्पांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं.

"यामा टॉकटाइम कितला शे?"

"टॉकटाइम नाही आप्पा. महिनाभर लढाई खेळायची. चांगलं खेळलं की तलवार मिळते."

आप्पा एकदम गंभीर झाले. कार्ड हळूच माझ्याकडे सरकवत म्हणाले, "भाऊ, तलवारनं लायसन शे का तुमनाजोडे?"

*

तुषार हा आमचा पहिला वर्गणीदार, कॉलेजातला. एकदा सुट्टीत तो आठवडाभर फिरकलाच नाही. मग एके दुपारी त्याची आई त्याला स्कूटीवर मागे बसवून घेऊन आली. मला वाटलं, आता आपली खैर नाही!

"कंटाळा आला म्हणे याला!" काकू कडाडल्या. "जिम लावली, अर्धवट सोडली. गिटार आणली, ती माळ्यावर. आता हे तरी पूर्ण करून घ्या याच्याकडून. महिना संपेपर्यंत लवकर घरी पाठवू नका!"

*

त्या गेममधला सगळ्यात मोठा राक्षस म्हणजे लोडशेडिंग. लाइट रोज जायची, वर्गणीचा महिना मात्र पुढे सरकत राहायचा. शेवटी मिलिंदने कंपनीला फोन लावला.

"मॅडम, लाइट नसते तेवढे दिवस वाढवून द्या की."

"सर, आमचा सर्व्हर चोवीस तास चालू असतो."

"असेल हो! तुमच्याकडे पंगत वाढून तयार आहे, पण आमच्या गावाचा रस्ताच वाहून गेलाय, त्याचं काय?"

मॅडम अगदी नम्रपणे म्हणाल्या, "सर, रस्त्याची कम्प्लेंट आमच्याकडे येत नाही."

*

पुढे एक फुकटचा गेम आला. वर्गणी नाही, पण चांगली तलवार हवी तर ती विकत. मिलिंद म्हणाला, "थाळी फुकट, मीठ विकत!" तरी तुषार आणि त्याची सगळी गँग तिकडे गेली.

मी तुषारला विचारलं, "तो गेम जास्त भारी आहे का रे?"

"नाही दादा, आपलाच भारी होता. पण पैसे भरले की ज्या दिवशी खेळत नाही ना, त्या दिवशी चुटपुट लागते. फुकटच्याचं तसं काही नसतं."

वर्गणीचे गेम का चालत नाहीत, यावर लोकांनी मोठमोठी भाषणं दिलेली मी नंतर ऐकली. तुषारइतकं सोपं कुणीच सांगितलं नाही.

*

राहिले फक्त जाधव काका. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. बायको वारल्यावर परदेशातल्या मुलीला ई-मेल करायला यायचे, आणि शेजारच्या पोरांचं बघून गेमला लागले. तिथे त्यांनी वैद्य व्हायचं ठरवलं. "मारामारी आपल्याला जमायची नाही. दुखलंखुपलं बघू." तुषारची गँग बेधडक लढायची, आणि काका मागे उभे राहून एकेकाला बरं करायचे.

पोरं गेली तरी काका वर्गणी भरतच राहिले. मिलिंद म्हणाला, "काका, तुम्हीही फुकटवाल्यात या की."

"गेलो होतो रे. तिथे वैद्यच नाही. औषधाची बाटली विकत मिळते!"

*

शेवटी कंपनीने गेम बंद करायचं ठरवलं. शेवटचा दिवस रविवार. काका इस्त्रीचा शर्ट घालून दुपारीच आले. पाठोपाठ तुषार आणि त्याची अख्खी गँग!

"कार्डं द्या दादा. सगळ्यांना."

मिलिंद म्हणाला, "अरे येड्यांनो, संध्याकाळी बंद होतोय गेम! कार्ड महिन्याचं आहे."

"माहितीये. द्या."

पोरं आत शिरली, तर मैदान सुनसान. राक्षस कंपनीने आधीच काढून टाकलेले. लढाई नाही, म्हणून कुणी जखमीही नाही. काकांचा वैद्य किल्ल्याच्या दाराशी नुसताच उभा, औषधांची पिशवी घेऊन.

तुषार तटावर चढला आणि त्याने थेट खाली उडी मारली. त्याच्यामागे दुसरा. मग तिसरा. मग तटावर रांगच लागली.

काकांनी चष्मा वर सरकवला, दोन्ही हात कीबोर्डवर घेतले आणि सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे, एकेक जण उडी मारा रे! मी पुरा पडत नाहीये!"